जुन्या गाडीचा मेलेला रंग: चौघांनी काय करावे आणि कशाला हात लावू नये

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या चार मित्रांनी मिळून 2014 सालची लाल स्विफ्ट सेकंडहँड घेतली आहे. आधीच्या मालकाने ती वर्षानुवर्षे उघड्यावर, कडुनिंबाखाली उभी ठेवली. रंगावर दुधाळ झाक आली आहे, बोनेटवर पाण्याचे पांढरे गोल आहेत, उन्हात पाहिले की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात आणि टपावर तळहाताएवढा पांढरा, खरखरीत चट्टा आहे. बफिंग मशीन आणून शनिवार-रविवारात घरीच गाडी चमकवता येईल का?

टप सोडून बाकीची येईल. टप पॉलिशने येणार नाही, कितीही घासा.

कारखान्यात पत्र्यावर थर चढतात ते असे: तळाला गंजरोधक, त्यावर प्रायमर, मग रंगाचा पातळ थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण 90 ते 140 मायक्रॉन, त्यात क्लिअर 35 ते 50. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे पॉलिश करायला तुमच्या हाती जेमतेम अर्ध्या केसाएवढी जाडी आहे, आणि तीसुद्धा पूर्ण वापरायची नाही. उन्हातली अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. तो फार पातळ केला तर आज गाडी चमकते आणि दोन उन्हाळ्यांनी सोलते. तुमच्या टपावर नेमके तेच झाले आहे, फक्त मशीनने नाही, उन्हाने. चट्ट्याच्या कडेला नख लावून पाहा. पापुद्र्यासारखी कड लागत असेल तर तिथला क्लिअर गेलेला आहे. तिथे कंपाउंड (घासून कापणारे जाड पॉलिश) फिरवले तर खालचा रंगच निघेल आणि कड आणखी उचकटेल.

म्हणून टप पेंटरकडे द्या, आणि ते आधी करा. नंतर दिला तर फवाऱ्याचा धूर-कण तुम्ही चमकवलेल्या दारांवर बसतो. पेंटरला फक्त चट्टा झाकू नका, टप कडेपर्यंत पूर्ण मारा असे सांगा. मधोमध जोड दिलेला क्लिअर तिथूनच पुन्हा सुटतो. हार्डनर घालून मारायचा टू-के क्लिअर हवा हे आधी ठरवून घ्या. नुसत्या थिनरवर वाळणारा स्वस्त क्लिअर वर्षभरात निस्तेज होतो आणि पेट्रोलचा थेंब पडला तरी विरघळतो. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते फुप्फुसाला वाईट, त्यामुळे स्प्रे-कॅन आणून पोर्चमध्ये हा उद्योग करू नका. ताज्या रंगावर महिना-दोन महिने वॅक्स किंवा कोटिंग लावायचे नाही. आतला सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो.

बाकीच्या पॅनेलांची तपासणी आधी करा. जाडी मोजायचे यंत्र कोणाकडे असेल तर मागून आणा. लोखंडी पत्र्यावर ते सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवते. 90-140 म्हणजे मूळ रंग, 200च्या वर म्हणजे पुन्हा मारलेला, 500च्या वर म्हणजे खाली पुट्टी आहे. 80च्या खाली आकडा आला तर आधीच कोणीतरी भरपूर घासलेले आहे, तिथे मशीन फिरवू नका. प्लास्टिकच्या बंपरवर ही साधी यंत्रे काहीच दाखवत नाहीत. यंत्र नसेल तर फ्रिजवरचे छोटे चुंबक कागदात गुंडाळून फिरवा. पुट्टीवर ते सैल पडते. मग पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन प्रत्येक पॅनेलच्या कोपऱ्यात घासा. फडके मळकट झाले तर ठीक. लाल झाले तर त्या पॅनेलवर क्लिअर नाही, किंवा तिथे क्लिअरशिवाय मारलेला एकेरी रंग आहे. एकेरी रंगालाही पॉलिश चालते, पण फडके लाल होणारच. घाबरायचे नाही आणि जोरही वाढवायचा नाही.

दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी आणि डिकीवर नंबरप्लेटच्या दिव्याजवळ फुगा दिसला तर तो गंज आहे. त्यावर मशीन फिरवले की फुगा फुटतो. तो खरवडून, प्रायमर देऊन रंगवायचा, म्हणजे पुन्हा पेंटरचेच काम. टपाबरोबर एकाच खेपेत उरकून घ्या.

आता धुणे. निम्मी मरगळ इथेच जाते आणि नवे ओरखडेही बहुतेक इथेच पडतात. माळव्याची काळी माती वाळली की घट्ट बसते. कोरड्या फडक्याने ती पुसणे म्हणजे सँडपेपरच. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली भिजवा, पाच मिनिटे थांबा, पुन्हा पाणी मारा. मग दोन बादल्या घ्या: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनेल पुसायचे, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांना वेगळे कापड, ते रंगाला कधीच लावायचे नाही. भांडी घासायचे लिक्विड एरवी नको, पण या पहिल्या धुण्याला चालेल, कारण जुने वॅक्स आणि तेलकटपणा काढायचाच आहे. धुण्याचा सोडा मात्र नको.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलले पाहिजे, कारण तुमच्या बोनेटवरचे गोल पाण्याचेच आहेत. बोअरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात. थेंब उन्हात वाळला की पाणी उडते आणि क्षार जागेवर राहतात. नर्मदाकाठच्या जलूदहून इंदूरला येणारे नळाचे पाणी त्या मानाने सौम्य, तेव्हा नर्मदेच्या पाळीच्या दिवशी दोन बादल्या भरून ठेवा आणि निदान शेवटचे खळबळणे त्याने करा. आरओचे टाकाऊ पाणी वाया जाऊ नये म्हणून गाडीला वापरण्याची आपल्याकडे सवय आहे. हेतू चांगला, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. त्याने फरशी पुसा. एसीतून टपकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असते, पावसाळ्याच्या आसपास ते बादलीभर मिळते. मे महिन्यात हवा कोरडी असल्याने फारसे मिळत नाही.

धुऊन झाल्यावर गाडी आपोआप वाळू द्यायची नाही. मोठा मायक्रोफायबर टॉवेल पॅनेलवर पसरून ओढून घ्या. चौघे असण्याचा इथे खरा फायदा: दोघे धुतात, तिसरा लगेच पाणी मारतो, चौथा पुसतो. एकट्याने केले तर शेवटच्या दारापर्यंत पोचेतो बोनेट वाळलेले असते.

पांढरे गोल धुण्याने गेले नाहीत तर पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे करून फडक्याने डागावर दोन मिनिटे ठेवा, मग शाम्पूच्या पाण्याने धुऊन टाका. पॅनेल थंडच हवे, आणि क्रोम किंवा उघड्या पत्र्याला ते लागू देऊ नका. तरीही गोल राहिला, कडेला खळगा जाणवला, तर क्षाराने क्लिअर खाल्लेला आहे. तो पॉलिशने थोडा कमी होईल. खोल असेल तर तसाच सोडा, खळग्याच्या तळापर्यंत क्लिअर उतरवत जाणे हा तोट्याचा सौदा आहे. पक्ष्यांच्या विष्ठेच्या खुणांनाही हेच लागू.

आता हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या बोनेटवरून हलकेच फिरवा. काचेसारखे गुळगुळीत लागायला हवे. तुमच्या गाडीवर रव्यासारखे लागेल. हे रुतलेले कण आहेत: ब्रेकची आणि रेल्वेची लोखंडी धूळ, डांबर, चीक. त्यांना क्रमाने काढायचे. लोखंडासाठी आयर्न रिमूव्हर फवारा. लोखंड सापडले की तो जांभळा होतो. तीन ते पाच मिनिटांनी, वाळायच्या आत धुवा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करा. डांबराला टार रिमूव्हर. रॉकेलने डांबर निघते हे खरे, पण पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर आधी कोपऱ्यात तपासा, थिनरवाला रंग त्याने मऊ पडतो. कडुनिंबाच्या चिकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, नाहीतर घरात पडून असलेला सॅनिटायझर. फडक्यावर घेऊन अर्धा मिनिट दाबून धरायचे, घासायचे नाही. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर बारीक चिकट थेंब दिसतात. तो आंब्याचा चीक नसतो, तुडतुड्यांनी टाकलेला गोड चिकटा असतो. ताजा असेल तर कोमट पाण्याने जातो. राहिला की त्यावर काळी बुरशी धरते.

उरलेल्याला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलून घेणारी मऊ, मातीसारखी वडी. फाइन ग्रेड घ्या. 50 ग्रॅमचा तुकडा चपटा करून, शाम्पूच्या पाण्याने पॅनेल भरपूर ओले ठेवून, सरळ रेषेत हलका फिरवा. काळा पडला की घडी घालून नवी बाजू. जमिनीवर पडला तर कचऱ्यात, धुऊनसुद्धा वापरायचा नाही. चौघांत कोणाच्या तरी हातून तो पडणारच, म्हणून आधीच चार तुकडे करा. क्लेने बारीक ओरखडे येतात, पण पुढे पॉलिश आहेच.

इथे शनिवार संपतो. घाई करून त्याच संध्याकाळी मशीन काढू नका, अंधुक उजेडात केलेले पॉलिश सकाळी तोंड दाखवते.

मशीन कोणते, हा खरा निर्णय. ग्राइंडरला बफ लावून देणारे भेटतील. साधा अँगल ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो, तो रंगाला लावणे म्हणजे रंग जाळणे. रोटरी बफर 600 ते 1,500 फेऱ्यांत चालवतात आणि सरावलेल्या हातात तो उत्तम आहे. पण एकाच जागी दोन सेकंद जास्त थांबला की कडेचा रंग गेला, आणि हात कच्चा असेल तर उन्हात गोल-गोल सावल्या दिसतात. पहिल्यांदा करणाऱ्याने ड्युअल अॅक्शन, म्हणजे डीए पॉलिशरच घ्यावा. त्याचा पॅड फिरतो तसा डोलतोही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. 8 किंवा 15 मिलिमीटर डोल, पाच इंची पॅड. मध्यम फोमचे चार आणि मऊ फोमचे तीन पॅड लागतील. दोन पॅडमध्ये अख्खी गाडी करायचा हिशेब चुकतो, कारण भरलेला, तापलेला पॅड कापत नाही, नुसता लेपतो. छोटी ग्वालटोलीतल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांत डब्यातले जाड कंपाउंड मिळते, ते लोकरी पॅड आणि रोटरीसाठी असते. डीएवर ते धूळ उडवते. बाटलीतले मीडियम आणि फाइन पॉलिश घ्या, 250 मिलिलिटरची एकेक बाटली एका हॅचबॅकला पुरते.

आधी काळे प्लास्टिक, रबर, लोगो आणि दारांच्या धारदार कडांना पेंटरची मास्किंग टेप लावा. खाकी पॅकिंग टेप नको, गोंद राहतो आणि जुन्या रंगाचा पापुद्राही निघू शकतो. कडांवर आणि पत्र्याच्या उठावदार रेषांवर रंग मुळात पातळ बसलेला असतो. मशीनने रंग जातो तो जवळजवळ नेहमी तिथेच. पॉलिश प्लास्टिकवर वाळले तर पांढरे डाग महिनोन्‌महिने निघत नाहीत.

मग चाचणी. बोनेटवर 45 सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन टेपने आखा. सुरुवात सर्वांत मऊ जोडीने: मऊ पॅड आणि फाइन पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, मशीनचा वेग एक नंबरवर ठेवून पसरवा, मग चार-पाच नंबरवर आडवे-उभे मिळून चार फेरे. हात सेकंदाला तीन सेंटिमीटर. हे फार हळू वाटते आणि सगळे नवशिके इथेच चुकतात; वेगाने फिरवले की पॉलिश वाळते, ओरखडा तसाच. दाब चार-पाच किलो. तो किती, हे कळायला मशीन बंद ठेवून पॅड वजनकाट्यावर दाबून पाहा. पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक रेघ काढा. चालू असताना रेघ फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरका धरलाय.

पुसून, पाण्यात पाचवा हिस्सा आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून त्याने चौकोन पुन्हा पुसा. हे टाळू नका. पॉलिशमधले तेल ओरखडे भरून काढते आणि पंधरा दिवसांनी धुतल्यावर ते परत दिसतात. दुकानातले 'रबिंग-पॉलिश' महिनाभरात उतरते ते बहुधा याचमुळे. तेल काढल्यावर टॉर्चखाली पाहा. 70-80 टक्के जाळी गेली असेल तर हीच जोडी पूर्ण गाडीला. नसेल तर मध्यम पॅड आणि मीडियम पॉलिश, त्यानंतर फाइनने एक हात. एका मीडियम फेरीत साधारण 2 ते 4 मायक्रॉन जातात, हे लक्षात ठेवा. नख अडकणारा ओरखडा शंभर टक्के काढायच्या नादी लागू नका. रोज वापरायची गाडी आहे, तिला 80 टक्के पुरे, आणि उरलेला क्लिअर पाच वर्षांनी कामाला येईल.

दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. पॅनेलवर तळहात आरामात टेकता आला पाहिजे, चटका बसला तर थांबा. प्लास्टिकचा बंपर उष्णता वाहून नेत नाही, तिथे एक नंबर कमी आणि फेरे दोनच. धूळ उडू लागली तर पॅडवर पाण्याचा एकच फवारा. मशीनची वायर खांद्यावरून घ्या, नाहीतर ती पॉलिश केलेल्या भागावरून घासत जाते. जमीन ओली असेल तर एक्स्टेन्शन बोर्ड खुर्चीवर ठेवा.

चौघांपैकी मशीन एकानेच चालवायचे, फार तर दोघांनी आळीपाळीने, पण पॅनेलच्या मध्ये बदलायचे नाही. प्रत्येकाचा दाब आणि वेग वेगळा, आणि फरक दारावर पट्ट्यांसारखा दिसतो. 'मला दे, मला दे' व्हायच्या आधी हे ठरवा. दुसरा पुसतो: पॉलिशला एक टॉवेल, अल्कोहोलला दुसरा, दोन्ही चार घड्यांचे, दर पॅनेलला नवी बाजू. तिसरा पॅड साफ करतो आणि टॉर्च धरतो. चौथ्याला हेडलाइट द्या: 1,000, 2,000, 3,000 नंबरचा पेपर पाण्यासह, मग पॉलिश, आणि त्यावर अतिनीलरोधक क्लिअर. तो दिला नाही तर हेडलाइटचे प्लास्टिक काही महिन्यांत पुन्हा पिवळे.

आणि सगळ्यांनी घड्याळ, अंगठी, हातातले कडे, कमरेचा बेल्ट काढून ठेवायचा. जीन्सची बटणे पुढे टेकणार नाहीत असा जुना लांब टी-शर्ट घाला. बोनेटवर मोबाइल, चहाचे ग्लास, पोह्यांची प्लेट काहीही ठेवायचे नाही. मशीनने न पडलेले ओरखडे रविवारी दुपारी याच गोष्टींनी पडतात.

वेळेचा हिशेब: एका मशीनने एक फेरी हॅचबॅकला सहा ते आठ तास, दोन फेऱ्या असतील तर बारा-चौदा, म्हणजे एक रविवार पुरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, सकाळी नऊ ते पाच सावलीत काम चालते. मे महिन्यात सहा ते दहा एवढीच खिडकी, मग पॅनेल तापते.

शेवटी संरक्षण. कार्नोबा वॅक्स छान चमकते पण आपल्या उन्हाळ्यात महिना-दीड महिन्यात उडते. सिंथेटिक सीलंट (वॅक्ससारखाच लावायचा कृत्रिम संरक्षक लेप) चार-सहा महिने राहतो, तुमच्यासाठी तोच. पातळ लावा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतो. नव्या टपाला तो महिना-दोन महिन्यांनंतर. सिरॅमिक कोटिंगला आताच पैसे घालू नका. ते काचेसारखा कडक थर देते हे खरे, पण धुळीत किंवा चुकून जाड लावले तर डाग कायमचे, आणि ते काढायला पुन्हा क्लिअरच घासावा लागतो.

दगड उडून रंगाला पडलेल्या टिचांसाठी टच-अप रंग घेताना 'लाल' असे सांगून घेऊ नका. गाडीवरच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर रंगाचा कोड असतो, तो सांगा. टिच अल्कोहोलने पुसा, टूथपिकने दोन-तीन पातळ थेंब अर्ध्या-अर्ध्या तासाने भरा. किंचित वर राहिले तरी चालेल. सपाट करायच्या नादात शेजारचा क्लिअर जातो.

पुढची देखभाल म्हणजे कॉलनीत रोज सकाळी एका बादलीत दहा गाड्या पुसणाऱ्या माणसाला तुमची गाडी सोडायला सांगणे. त्याचे महिन्याचे पैसे द्या, हवे तर काचा आणि चाके त्याच्याकडून करून घ्या, पण रंगाला कापड नको. ती ओरखड्यांची जाळी अशाच फडक्याची आहे. धूळ बसू द्या, धुळीने रंग खराब होत नाही, कोरडी पुसल्याने होतो. पंधरा दिवसांनी दोन बादल्यांचे धुणे पुरे.

सीलंट रंगपंचमीच्या आधी लावून झाला पाहिजे. गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला गाडी न्यायचीच नाही, हे सांगायला नको. पण गल्लीतला गुलालही उघड्या क्लिअरच्या ओरखड्यांत आणि काचेच्या रबरात जाऊन बसतो. आधी कोरडा झटकू नका, पाण्याच्या धारेने उडवा. सीलंट असेल तर बहुतेक तेवढ्यानेच निघतो.